उसात गेलेल्या माणसाची नोंद

कागदांची पिशवी माणूस दोन तऱ्हांनी आणतो. नेहमीच्या कामाला आलेला माणूस ती बोटाला लटकवून आणतो, टेबलावर टाकतो आणि आधी तंबाखू मळायला घेतो. पण ज्याला डॉक्टरनं काही सांगितलेलं असतं तो पिशवी छातीशी धरून येतो. बसल्यावरही ती मांडीवरच ठेवतो. आजूबाजूला बघतो आणि मग हळूच म्हणतो, "जरा निवांत बोलायचं होतं."

कळमनुरीच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली जोशीकाकांचं टेबल होतं. काका परवानाधारक अर्जनवीस. म्हणजे लोकांचे अर्ज, प्रतिज्ञालेख, दस्त लिहून देणारे. मी अकरावीत त्यांच्याकडे लागलो आणि बी.ए. होईपर्यंत तिथेच बसलो. सकाळी कॉलेज, मग टेबल. आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला आमच्या बाबांचं पंक्चरचं दुकान. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं येतं असं घरच्यांना वाटायचं आणि काहीच येत नाही असं मला. या अंकासाठी कामाबद्दल लिही म्हणाले तेव्हा मी बरेच दिवस टाळलं. दुसऱ्यांच्या वतीनं 'मी खाली सही करणार' असं इतक्यांदा लिहिलंय की स्वतःच्या वतीनं मी लिहायला गेलो की पेन अडखळतो.

आमच्याकडच्या कामात एक काम असायचं त्याला लोक 'कागद आवरणं' म्हणत. आपण गेल्यावर मागच्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत म्हणून माणूस जिवंतपणीच सगळं ठीक करून ठेवतो. शेताच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत, वारस कोण, रेशनकार्डात कोण राहिलंय, घर कोणाच्या नावे, हे सगळं. काम सोपं वाटतं. पण त्यासाठी माणसाला आपण नसलेलं घर डोळ्यांसमोर आणावं लागतं, आणि ते फार थोड्यांना जमतं.

काहींना ते मजेत जमायचं. एक पुजारीबुवा आले होते. त्यांच्या देवळात पूजेची पाळी भावाभावांत महिन्यांप्रमाणे वाटलेली. आपल्यामागे आपली पाळी पुतण्यांना द्यायची असं लिहून हवं होतं, फक्त धाकट्याला श्रावण द्यायचा नाही.

"काहून?" काकांनी विचारलं.

"आरती पळवतो तो."

"बुवा, हे दस्तात कसं लिहू?"

"लिहा की, आरती सावकाश म्हणण्याच्या अटीवर."

आणि आम्ही खरंच तसं लिहिलं. कुरुंद्याचे एक हळदवाले मात्र चोरासारखे आले. बायकोच्या नावे काही जमीन करायची होती, आणि ती गोष्ट बायकोलाच कळू द्यायची नव्हती. "तिला कळलं तर म्हनंल, मरायला निघाला का आता," एवढंच त्यांचं कारण.

पण मला लिहायचंय ते लालसिंग आडे यांच्याबद्दल. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. कळमनुरीच्या डोंगराकडच्या एका तांड्यावरून ते आले, गळ्याला पंचा गुंडाळलेला, आवाज कानशीनं लोखंड घासल्यासारखा. पिशवी त्यांच्या हातात नव्हती. ती त्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून येणाऱ्या बाईच्या छातीशी होती. बाईची ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. ही धुरपताबाई, त्यांच्या धाकट्या भावाची, उत्तमची बायको.

लालसिंगदादा बसले आणि म्हणाले, "आवाज हाय तवर लिहून घे. नांदेडचा डाक्टर म्हनला, न्हाई राहायचा."

धुरपताबाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली. मोठ्या दिरासमोर तांड्यातली सून तोंड दाखवत नाही, आवाजही ऐकू देत नाही. मग बोलणं असं चाललं.

"त्यास्नी इचारा, माझ्या लेकीचं नाव बी लागंल ना?" ती मला कुजबुजून म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "तिला म्हन, लागंल."

"ऐकलं का, लागेल म्हणतात," मी म्हणालो. दोघांच्या मध्ये एका हाताचं अंतर होतं.

जोशीकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "आज फारच कामाचा झालास रे तू."

काम असं होतं. सातबाऱ्यावर लालसिंग आणि उत्तम अशी दोन्ही भावांची नावं. उत्तम लेकीच्या जन्माच्या वर्षीच ऊसतोडीवर मेला होता. अर्धं शेत धुरपताबाई तेव्हापासून एकटी करत होती. पण तिचं नाव लागायचं तर उत्तम कागदावर मेलेला पाहिजे, आणि त्याच्या मरणाची नोंद कुठेच नव्हती.

ऊसतोडीच्या टोळीत दोन माणसांच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बहुतेक नवरा-बायकोचा कोयता असतो. त्या वर्षी धुरपताबाई बाळंतपणाला साखरा गावाकडे माहेरी गेली होती, म्हणून दोघे भाऊ मिळून एक कोयता झाले. मुलूख लांबचा, कारखाना अनोळखी. उत्तम गेला, तिथंच त्याला अग्नी दिला, आणि मुकादमानं टोळी लगेच दुसऱ्या गावच्या फडावर हलवली. नोंद करायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हंगाम संपल्यावर लालसिंगदादांनी भावाचा कोयता आणून तिच्या उंबऱ्यात ठेवला. तिला कळायचं ते तेव्हा कळलं.

आता मरणाची नोंद माणूस मरतो त्या गावी होते. वर्ष उलटून गेलं तर तिथल्या कोर्टाचा हुकूम लागतो. आणि कोर्टाला लागतो, ज्यानं ते मरण पाहिलं त्याचा शपथेवरचा जबाब. मुकादम वारला होता. टोळीतले बाकीचे कुठे कुठे पांगलेले, ज्यांना विचारलं ते म्हणाले, आमच्या ध्यानात न्हाई. पाहिलेला माणूस एकच उरला होता आणि त्याचा गळा बंद होत चालला होता.

काकांनी विचारायला सुरुवात केली, मी लिहू लागलो.

"कसा गेला भाऊ?"

"उसात गेला."

"म्हणजे साप वगैरे?"

"न्हाई. मोळी चढवताना. फळीवरून."

उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं असतं. तेवढं मला ठाऊक होतं.

"तुमच्यासमोर?"

"माझ्याच."

"पुढे काय झालं?"

दादांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर ते म्हणाले, "मी जाळला त्याला. लिव, मी जाळला." यापुढे ते एक शब्द बोलले नाहीत. काकांनी मला डोळ्यानं थांबवलं. गाव, महिना आणि साल आधीच लिहून झालं होतं; पुढे 'फळीवरून पडून अपघाताने' असं आम्ही लिहिलं.

जाताना धुरपताबाई माझ्याशी एकच बोलली. "भाऊ, लवकर करा. दादा गेले की माझा नवरा कवाच मेला न्हाई असं व्हईल."

लवकर करणं आमच्या हाती नव्हतं. दादांना परत कचेरीत आणणं डॉक्टरनं बंद केलं, म्हणून नायब तहसीलदारांनी घरी येऊन शपथ घ्यावी असा अर्ज दिला. त्या मॅडम नव्याच आल्या होत्या, शिस्तीच्या. अर्ज त्यांनी मंजूर केला, पण मध्येच ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या आणि सगळी कचेरी तिकडे गेली. मी रोज कॉलेजातून आलो की आधी त्यांच्या दाराकडे बघायचो. कुलूपच असायचं.

अशात एक दिवस लालसिंगदादांचा मुलगा किसन टेबलाशी आला. माझ्याहून थोडा मोठा, पायात ट्रॅक्टरच्या ग्रीसनं काळी झालेली चप्पल. बसला नाही.

"तुमीच का काकीचे कागद करून राहिले?"

"दादांनी सांगितलंय," मी म्हणालो.

"बा आजारी हाय. त्याला काय समजतंय? अन् समजा कागद केले अन् काका परत आला, मग?" तो हसला. मला हसू आलं नाही.

जोशीकाका शांतपणे म्हणाले, "किसन, तुझा काका येणार नाही हे तुलाबी ठाऊक आहे. खरी अडचण सांग."

त्यानं चप्पल मातीत घासली. मग बोलला, "काकीचं नाव लागलं की उद्या तिचा जावई येनार. हिरीवर मोटर बसवनार. एकच हीर हाय आमची. आजपर्यंत काकीला पानी कवा अडवलं का, इचारा तिला."

ते खरं होतं, तिनंही ते सांगितलं होतं. म्हणूनच मला किसनची जास्त भीती वाटली. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

जाता जाता तो म्हणाला, "आवाज गेलाय बाचा. आता काय बोलतो ते फक्त मला समजतं."

मॅडमची जीप तांड्यावर गेली त्या दुपारी मी सोबत होतो. काकांचे गुडघे धरलेले, आणि प्रतिज्ञालेख माझ्या अक्षरातला, म्हणून मलाच जावं लागलं. वाटभर मी फायलीची दोरी सोडत होतो आणि बांधत होतो. "पेपर आहे का उद्या?" मॅडमनी विचारलं. मी नाही म्हणालो.

दादा छपरात बाजेवर होते. महिन्याभरात निम्मे झालेले. डोळे मात्र तेच. किसन उशाशी उभा होता. धुरपताबाई आत, दाराच्या फळीमागे, ओढणी ओढून. तांड्यातली माणसं अंगणात जमली, तांड्याचे प्रमुख, नायक, खाटेवर बसले. 

मॅडमनी मजकूर सावकाश वाचून दाखवला. मग विचारलं, "हे सगळं खरं आहे का? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

दादांचे ओठ हलले. घशातून नुसती हवा आली. एक-दोन शब्दांसारखं काही होतं, मला काही कळलं नाही. मॅडमनी किसनकडे पाहिलं.

"व्हय म्हनतो," किसन म्हणाला.

मी श्वास सोडला. पण मॅडमच्या हातात दादांच्या घरचं रेशनकार्ड होतं. पत्त्यासाठी तेच जोडलेलं. त्यांनी ते उघडलं आणि बोट ठेवलं.

"यात उत्तमचं नाव अजून आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर इतकी वर्षं धान्य उचललं?"

अंगणात चुळबूळ झाली. नाव काढलं की कार्डावरचं धान्य कमी होतं, म्हणून आमच्याकडे घराघरात मेलेली माणसं कार्डात राहतात. आमच्याही कार्डात आमची आजी होती. मी ते कार्ड जोडताना पाहिलं होतं आणि मला काही खटकलंच नव्हतं.

"मी त्यांना विचारते," मॅडम बाजेकडे वळल्या. "भाऊ मेला होता तर कार्डात कसा?"

दादांचे ओठ पुन्हा हलले. या वेळी बराच वेळ. हवा येत राहिली. मॅडमनी किसनकडे पाहिलं. किसन खाली बघत होता.

"बा म्हनतो," तो म्हणाला, "मला नीट आठवत न्हाई."

"कशाबद्दल आठवत नाही?"

"समदंच. लई वर्स झाले म्हनतो."

"असं न्हाई म्हनले ते!"

दाराच्या फळीमागून आवाज आला. मोठा, चिरका. अंगणातल्या बायांनी तोंडाला ओढण्या लावल्या. नायकांनी मान खाली घातली. जिनं दिरासमोर आजवर कधी आवाज केला नव्हता ती फळी धरून उभी होती. "मी रोज पेज भरवते. मला समजतं ते काय म्हनतेत. असं न्हाई म्हनले!"

"बाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "जमीन तुम्हाला मिळणार आहे. तुमचं सांगणं मला धरता येत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मुलगा म्हणतो आठवत नाही. अशा वेळी मला लिहावं लागेल की जबाब देणारा जबाब देण्याच्या स्थितीत नाही."

हे एकदा कागदावर आलं असतं तर संपलं होतं. दुसरी तारीख मिळाली असती तरी तोवर दादा राहिले नसते. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी फायलीची दोरी सोडत राहिलो. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात दादांनी उशाचा पितळी तांब्या बाजेच्या कडेच्या लाकडावर, गातावर, आपटला. पाणी सांडलं. परत आपटला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या उठून बाजेच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. "बोलता येत नाही ना? हातानं सांगा. काय झालं त्या दिवशी ते मला दाखवा. कोणी मध्ये बोलणार नाही."

दादांनी दोन्ही हात वर केले.  आधी उजव्या हातानं खाली वाकवून छाटल्यासारखं केलं, ऊस तोडतात तसं. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन काहीतरी जड तोलून धरलं. मग दोन बोटं हवेत चढवत नेली, एकेक पाऊल. बोटं मध्येच थांबली. एक बोट घसरलं. हात एकदम कोसळून बाजेवर आला आणि त्यांनी दुसऱ्या हातानं स्वतःची मान मागून दाबून धरली.

"मोळी मानेवर पडली," कोणीतरी म्हणालं.

तो किसन होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. लहानपणी बापाकडून कधीतरी ऐकलेलं ते असावं; तो बापाच्या हातांकडे बघत होता, आणि त्याला स्वतःला कळत नसावं की आपण बोलतोय. "फळी वली व्हती... दव व्हतं... काकाचा पाय सरकला..."

मॅडम लिहू लागल्या.

दादांनी परत सुरुवातीला जाऊन काही दाखवलं. या वेळी ते वर चढणारे नव्हते. दोन्ही मुठी आवळून खाली काहीतरी घट्ट धरलं होतं. कोणीतरी चढत असताना खालून धरतात तसं. मग एक मूठ सुटली. त्या हातानं त्यांनी डोळ्यांत गेलेलं काही पुसल्यासारखं केलं. आणि त्या हाताकडे बघत राहिले.

किसन बोलायचा थांबला.  मग तो खाली बसला, बाजेला टेकून, आणि म्हणाला, "बा... फळी तू धरली व्हती?"

दादांनी डोळे मिटले.

इतकी वर्षं घरात कोणाला हे ठाऊक नव्हतं. मी मॅडमच्या पेनकडे पाहिलं. ते हललं नाही. "ते यात लागत नाही," त्या म्हणाल्या. "मरण कुठं झालं, कधी झालं आणि अग्नी कोणी दिला, एवढंच लागतं. अग्नी?"

दादांनी हात छातीवर ठेवला.

"आणि कार्ड?" मॅडमनी आता किसनला विचारलं.

किसननं नाक पुसलं. "धान्य कमी व्हईल म्हनून नाव ठिवलं. मीच आनतो दर महिन्याला. बाचा त्यात काई दोष न्हाई. काका मेलाय, मॅडम. लिवा."

दादांचा अंगठा मी धरला. हातोड्याखाली गेलेल्या पत्र्यासारखा गुळगुळीत झालेला, ठसा उमटेना. मॅडम थांबल्या. शेवटी उमटला. फळीमागे ओढणी तोंडात कोंबून धुरपताबाई रडत होती. भावजय आपल्यासमोर मोठ्यानं बोलली याबद्दल दादांनी कसलीही खूण केली नाही. फक्त डोळे न उघडता हात दाराच्या दिशेनं थोडा वर केला आणि ठेवला.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. कोर्टाचा हुकूम त्यांच्या मागे आला. पुढे फेरफार झाला, चावडीत हरकती मागवल्या तेव्हा किसन हजर होता आणि त्यानं हरकत घेतली नाही. धुरपताबाईचं आणि तिच्या लेकीचं नाव लागलं. विहिरीचं भांडण पुढे झालंच, दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा ते माझ्याकडेच आले. पण ते अर्जाचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मला तो दाखला आला तो दिवस आठवतो. मृत्यूचा दाखला त्या लांबच्या गावाहून कोणीतरी जाऊन आणायला हवा होता. किसन स्वतः गेला. परत आल्यावर काकीला घेऊन सरळ टेबलाशी आला. तिनं ओढणी कपाळापर्यंतच घेतली होती. तिनं दाखला हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला दिला.

"वाचा."

मी वाचलं. नाव, बापाचं नाव, महिना, साल. मृत्यूचं ठिकाण. त्या गावाचं नाव तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून बघितलं. कागद वाचताना ते कानावरून गेलं असेल तेवढंच, एरवी इतक्या वर्षांत तिला ते नाव कोणी सांगितलंच नव्हतं, आणि दादांना तिनं विचारायचं तरी कसं?

मग ती किसनकडे वळली. "तू गेला व्हता तिथं?"

"व्हय. एका म्हाताऱ्यानं दाखवलं. टोळीची मानसं तिथंच जाळतेत म्हने, ओढ्याच्या कडंला."

"झाड हाय का?"

"बाभळी हायेत, काकी. सावली हाय. बसलो मी जरा."

ती दाखल्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती उठेल. ती म्हणाली, "अजून सांग."

किसन चप्पल काढून तिच्याजवळ खाली बसला आणि सांगू लागला.